धुतलेला रणगाडा

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सर्वेअरने मागच्या खोलीतला दिवा लावला आणि पाहिले, तर रणगाडा धुतलेला होता.

पुसलेला नव्हे, झटकलेला नव्हे, धुतलेला. मूळ वाहनाच्या एक पस्तीसांश मापाचा, जेमतेम वीतभर लांबीचा तो प्लास्टिकचा रणगाडा काचेच्या झाकणाखाली असा स्वच्छ उभा होता, की जणू कारखान्याच्या फाटकातून आत्ताच बाहेर पडला आहे आणि लढाई कुठे चालली आहे हे कुणाला तरी विचारणार आहे. सकाळी नऊ वाजता सर्वेअर कामावर निघाला, तेव्हा याच रणगाड्यावर तीन प्रकारचा चिखल होता: ओला, सुकत आलेला आणि सुकून भेगाळलेला. तोफेच्या तोंडाशी काजळी होती. इंजिनाच्या जाळीवर तेलाचे डाग होते. आणि मागच्या झाकणाखालून, उजव्या कुशीवर, गंजाचा एक लांब ओघळ उतरला होता, ज्याच्यावर त्याने अकरा संध्याकाळी वेचल्या होत्या. आता तेथे केवळ हिरवा रंग होता. आणि तो रंग, ही गोष्ट विशेष संतापजनक, कुठेही खरवडलेला नव्हता.

यात संतापण्याजोगे काय आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. लष्करी वाहनाचे मॉडेल बांधण्याच्या विद्येची दोन अंगे आहेत. पूर्वार्धात सुटे भाग कापून, घासून, चिकटवून, रंगवून वाहन नवे करायचे असते. ते कोणालाही जमते. कसे करावे हे खोक्यातल्या कागदावर छापलेलेच असते. उत्तरार्धात तेच वाहन जुने करायचे असते. उन्हाने विटलेला रंग, चाकांतला चिखल, माणसांच्या वावराने आलेली झीज, हे सारे बारीक ब्रशाने, स्पंजाच्या कपच्याने, टर्पेंटाइनमध्ये कालवलेल्या रंगाने कणाकणाने आणावे लागते, आणि खरी विद्या तीच. घाण काढण्याला श्रम म्हणण्याची रीत सर्व समाजांत आहे. घाण निर्माण करायला लागणाऱ्या श्रमांची दखल मात्र एकाही धर्मशास्त्राने, एकाही कामगार कायद्याने घेतलेली नाही. मनुष्यजातीचा इतिहास हा झाडू हाती असलेल्यांनी लिहिलेला आहे.

सर्वेअरचा व्यवसाय मोटारविम्याचे क्लेम तपासण्याचा. पंचवीस वर्षे तो ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्यांपुढे वही घेऊन उभा राहत आला होता. नारिंगी गंज आठवड्यांचा, तपकिरी महिन्यांचा, काळपट वर्षांचा, हे तो दहा पावलांवरून सांगत असे. असा माणूस गंज रंगवतो तेव्हा ती नक्कल नसते, साक्ष असते.

शिवाय हा कुठलाही रणगाडा नव्हता. बुरुजावर पांढऱ्या रंगात हाताने काढलेला तीनशे एकोणीस हा आकडा होता, आणि तीनशे एकोणीस ही नऊ वर्षे सर्वेअरच्या सासऱ्यांची गाडी होती. अप्पा तिचे चालक आणि मेकॅनिक, दोन्ही. बायकोच्या जुन्या अल्बममध्ये या गाडीचा एकुलता एक फोटो होता. तो भिंगाखाली धरून सर्वेअरने चार महिने त्यातला डाग आणि डाग उतरवून घेतला होता.

त्यामागे कारण होते. लग्न होऊन वर्ष झाले नव्हते, तेव्हा अप्पांच्या मोटारीत पुराचे पाणी शिरले आणि फाइल फिरत फिरत, दुसरा सर्वेअर रजेवर असल्याने, जावयाच्या टेबलावर आली. नातेसंबंध कळवून ती परत पाठवता आली असती. पण जावई तरुण होता, आणि तारुण्यात सचोटीचा ताप फार चढतो. त्याने गाडीखाली झोपून बॅटरी मारली आणि अहवालात तीन शब्द लिहिले: गंज जुना आहे. क्लेम फेटाळला गेला. त्याचे अप्पांना काही वाटले नाही. शब्दांचे वाटले. ज्या माणसाने हयातीत आपल्या हाताखालच्या गाडीला गंज चढू दिला नाही, त्याच्या गाडीला घरच्याच माणसाने शिक्का मारून गंजकी ठरवले होते. त्या दिवसापासून बावीस वर्षे अप्पा त्याला ‘सर्वेअरसाहेब’ म्हणत आले, त्याच्याशी हवापाण्याविषयी बोलत आले, आणि त्याच्या तोंडावर त्याला जावई म्हणणे त्यांनी अत्यंत सभ्यपणे टाळले.

रविवारी मॉडेल मंडळाचे वार्षिक प्रदर्शन होते. अप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुक्कामाला आले होते, बुधवारी त्यांच्या डोळ्याची पट्टी निघाली होती. नव्या डोळ्याने त्यांना तीनशे एकोणीससमोर उभे करायचे, आणि त्यांच्या तोंडून एक, फक्त एक बरा शब्द ऐकायचा, असा सर्वेअरचा संकल्प होता. तो त्याने घरात कोणालाही सांगितला नव्हता. संकल्प सांगितला असता तर कोणीतरी त्यातली खोट दाखवली असती. पण विद्वान माणसे सल्ला ग्रंथांचा घेतात, घरच्यांचा घेत नाहीत.

स्वयंपाकघरात सफाईच्या मावशी शेवटची भांडी पुसत होत्या. सर्वेअरने त्यांना अतिशय शांतपणे विचारले, की आज त्या मागच्या खोलीत गेल्या होत्या काय.

“मी?” मावशी म्हणाल्या. “चार महिने झाले, त्या खोलीत माझा झाडू गेलेला नाही. तुम्हीच दारावर कागद लावलाय.”

कागद होता खरा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘या खोलीतील घाण हेतुपुरस्सर आहे. कृपया काढू नये.’

“तो तुम्ही वाचला होता ना?” सर्वेअरने विचारले, आणि त्याच श्वासात, जे विचारायला नको होते तेही विचारले. “वाचता येतं ना तुम्हाला?”

मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले. “वाचता येतं म्हणून तर गेले नाही. घाण मुद्दाम केलीय असं लिहून लावणाऱ्या माणसाच्या खोलीत कोण जाईल? अकरा घरं करते मी. घाण करणारी माणसं सगळीकडे आहेत. पाटी लावणारे तुम्ही एकटे.”

त्यानंतर त्यांनी फडके दोरीवर वाळत घातले, ताईंना दुसरे माणूस बघायला सांगा असे सुचवले, आणि दार न आपटता निघून गेल्या. दार न आपटता गेलेले माणूस परत येत नाही, हे ज्याला बावीस वर्षांच्या संसारात कळले नाही त्याच्या निरीक्षणशक्तीबद्दल अधिक काय बोलावे.

बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ती साडेसहाला घरी आली. दर चार तासांनी अप्पांच्या डोळ्यांत घालायचे थेंब, वेगळे जेवण, स्वतःची कामाची पाळी, आणि त्यात मावशी गेलेल्या, हे सर्व तिला उंबऱ्यातच समजले.

“रणगाडा धुतला म्हणून मावशींना घालवलंत?”

“घालवलं नाही. चौकशी केली.”

“तुम्ही चौकशी केली की माणसं जातातच. ऑफिसात तेवढ्याचा पगार मिळतो. इथं कशाला करता?”

मुलगी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि आजवर तिला एकही खरा खटला मिळाला नव्हता. तिने तत्काळ मावशींचे वकीलपत्र घेतले, त्यांना फोन करून काहीही कबूल न करण्याचा सल्ला दिला, आणि मग जेवणाच्या टेबलाशी बसून वडिलांना अनेक प्रश्न विचारले. नोटीस दिली होती काय. प्रत्यक्ष साक्षीदार आहे काय. नुकसान म्हणजे नेमके काय, कारण वस्तू पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे. या शेवटच्या प्रश्नावर सर्वेअरचा आवाज चढला. घाण ही वस्तूच्या मूल्याचा भाग कशी असते हे त्याने वीस मिनिटे समजावून सांगितले, आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा बदलला नाही. बाहेरच्या खोलीत अप्पा काळा चष्मा लावून रेडिओवरच्या बातम्या ऐकत होते. त्यांनी आवाज थोडा वाढवला.

अप्पांचा संशय सर्वेअरला आला नाही. विम्याच्या धंद्यातला पहिला नियम असा, की ज्याच्यासाठी सारे चालले आहे त्याच्याकडे आधी पाहावे. नवशिक्यांना हा नियम तो स्वतः शिकवीत असे. पण अप्पांना वाकायची मनाई होती, त्यांना खोलीतले काही ठाऊक नव्हते, आणि ज्याचे मन जिंकायचे त्याला आरोपी करणे कोणत्याही प्रियाराधनात बसत नाही. नियम इतरांसाठी असतात.

शनिवारी पहाटे त्याने भिंगाचा दिवा लावून पाहणी केली. निष्कर्ष चकित करणारे होते. पाण्याने चिखल गेला असता, पण गंज आणि तेल गेले नसते. तेव्हा टर्पेंटाइन वापरलेले होते, आणि तेही एवढ्या बेताने, की खालचा रंग शाबूत. ब्रशाचे फटकारे सगळे पुढून मागे आणि वरून खाली. टेबलावरची हत्यारे लांबीच्या क्रमाने मांडलेली. चिंधी धुऊन, पिळून, चौपदरी घडी घालून ठेवलेली. अपराध्याने गुन्ह्याचे स्थळ गुन्ह्याआधी होते त्यापेक्षा नीटनेटके करून ठेवले होते, आणि एवढी उघड सही समोर असताना सर्वेअरचे डोळे मात्र चाकांच्या मागे अडकलेल्या एका पांढऱ्या, ताठ केसावर खिळले. दात घासायच्या ब्रशाचा तो केस होता.

साडेसहापर्यंत त्याने न्हाणीघरातले बायकोचे, मुलीचे आणि अप्पांचे ब्रश ताब्यात घेतले, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि एकेक उघडून हुंगला. तिन्हींना पुदिन्याचा वास होता. स्वतःचा ब्रश त्याने तपासला नाही, कारण तपास करणारा तपासाच्या बाहेर असतो अशी त्याची श्रद्धा होती. खिन्न मनाने त्याने त्यावर पेस्ट घेतली आणि दात घासायला सुरुवात केली. तिसऱ्या फेऱ्याला जीभ भाजली. फेस टर्पेंटाइनचा होता.

न्हाणीघराच्या दारात मुलगी उभी होती. ती आपला ब्रश शोधायला आली होती.

“बाबा, तुमच्या तोंडाला टर्पेंटाइनचा वास येतोय.”

सर्वेअरने चूळ भरली.

“म्हणजे खोली तुमची, बाटली तुमची, ब्रश तुमचा,” मुलगी म्हणाली. “आणि काढून टाकलं मावशींना. माझ्या अशिलाला भरपाई मिळायला हवी.”

“तो ब्रश मी घेतला होता,” मागून अप्पा म्हणाले. ते टॉवेल खांद्यावर टाकून शांतपणे आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. “बाकीचे मऊ होते.”

आवाज ऐकून बायकोही तेथे आली. सर्वांत आधी तीच भडकली, आणि तिचा रोख रणगाड्यावर मुळीच नव्हता. ऑपरेशन मंगळवारी झाले, वाकू नका म्हणून डॉक्टरांनी तीनदा बजावले, आणि हे गृहस्थ शुक्रवारी बंद खोलीत टर्पेंटाइनच्या वासात डोळे घालून बसले. अप्पांनी सांगितले, की ते वाकले नव्हते. त्यांनी गाडी उचलून भिंगाच्या दिव्यापाशी धरली होती. गाडीचे काम करताना माणसाने वाकायचे नसते, गाडी वर घ्यायची असते, हे ते आठ वर्षे रंगरुटांना शिकवीत आले होते.

“पण का, अप्पा?” सर्वेअर म्हणाला. “दारावर लिहिलं होतं. मुद्दाम केलंय असं लिहिलं होतं.”

“ते वाचलं. म्हणूनच आत गेलो.” अप्पांनी काळा चष्मा काढला. “आत माझी गाडी. बुरुजावर माझा नंबर. आणि अंगावर गंज. बावीस वर्षांपूर्वी गाडीखाली झोपून गंज शोधलात, सर्वेअरसाहेब. ठीक आहे, ते तुमचं काम होतं. पण आता घरी बसून, चार महिने खपून, माझ्या गाडीला गंज लावलात? आणि वर पाटी, की मुद्दाम लावलाय?”

आपल्या क्षमायाचनेचा मजकूर काय होता, हे सर्वेअरला तेव्हा प्रथम ऐकू आले. पण मनुष्य चूक उमगल्यावर गप्प बसत असता तर शास्त्रार्थ नावाची गोष्ट जन्मालाच आली नसती. तो म्हणाला, की ही गाडी लढाईतली आहे. लढाईत चिखल लागतो.

“लागतो. संध्याकाळी काढतात. नाहीतर सकाळी गाडी उठत नाही आणि आतली माणसंही उठत नाहीत.”

“गंज फोटोत आहे. मी मनाचा लावलेला नाही.” सर्वेअरने धावत जाऊन फोटो आणला आणि मागच्या झाकणाखालून उतरलेल्या तपकिरी ओघळावर बोट ठेवले. “हा. काळपट तपकिरी. किमान दोन वर्षांचा.”

फोटो अप्पांनी लांब धरून पाहिला आणि लेकीकडे दिला. तिने तो पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तेथे काहीतरी त्याहून भयंकर आले.

“हा चहा आहे,” ती म्हणाली. “माझ्याच हातून सांडला होता. शाळेत होते मी.”

“तू अल्बम दिलास तेव्हा बोलली नाहीस.”

“मला काय माहीत तुम्ही चहा रंगवताय?”

अकरा संध्याकाळी. पंचवीस वर्षांचा अनुभव. नारिंगी आठवड्यांचा, तपकिरी महिन्यांचा. सर्वेअर मागच्या खोलीत जाऊन दार लावून बसला. त्याचा संताप ओसरला नव्हता. त्या संतापाला फक्त राहायला जागा उरली नव्हती.

दुपारी अप्पा न विचारता आत आले. त्यांनी गाडी उचलून दिव्याखाली धरली. बोटाला चिंधी गुंडाळून चालकाच्या झाकणाजवळच्या कडेचा रंग एवढासा घासून काढला, वर मऊ शिसपेन्सिल फिरवली, आणि त्या नखाएवढ्या जागेत खालचे लोखंड उघडे पडल्यासारखे दिसू लागले.

“झीज हवी होती ना तुम्हाला? ही इथं होती. उजवा पाय. बाकी कुठं नाही.” एवढे बोलून ते हात धुवायला गेले. बरा शब्द तो नव्हता; सर्वेअरने मनात दोनदा तपासून पाहिले.

मग नवीनच संकट उभे राहिले. प्रवेशपत्रिका महिन्यापूर्वीच भरली होती, आणि विभाग लिहिला होता ‘रणभूमीवरील वाहने: मळ व झीज’. सर्वेअरने मंडळाच्या चिटणिसाला फोन करून विभाग बदलून मागितला. चिटणिसाने नियमावलीचे कलम वाचून दाखवले. वाहन स्वच्छ झाले ही अपवादात्मक परिस्थिती नाही का, असे विचारता त्याने कळवले, की तशी तरतूद नाही, कारण असे आजवर कोणी केलेले नाही. संध्याकाळी बायकोने समोर बसवून सर्वेअरकडून मावशींना फोन करवला. मावशींनी माफी ऐकून घेतली, सोमवारी येते म्हणाल्या, आणि तोवर तो कागद दारावरून उतरलेला असावा एवढी अट घातली.

रविवारी सभागृहात लांब टेबलांवर पांढरे कापड अंथरले होते आणि त्यावर इतका चिखल होता, की आयोजकांनी आत बूट काढून येण्याचा आग्रह का धरला हे कळत नव्हते. चाकांपर्यंत रुतलेले ट्रक, गंजून भोके पडलेल्या जीपगाड्या, जळून काळ्या पडलेल्या तोफा. कोणतेही सैन्य इतक्या दुर्दशेत एक दिवस टिकले नसते. त्या सगळ्यांच्या मधोमध तीनशे एकोणीस उभा होता, नुकतीच अंघोळ करून चुकून स्मशानात आलेल्या माणसासारखा.

परीक्षक बाहेरगावाहून बोलावलेले होते. चिखलाच्या छटांवर त्यांची एक पुस्तिका होती आणि ती त्यांच्या काखेत होती. इतर मॉडेलांपुढे ते मान डोलवीत गेले. तीनशे एकोणीससमोर थांबले, बॅटरी मारली, भिंग लावले, चालकाच्या झाकणाजवळ बराच वेळ पाहिले, पत्रिकेवर काहीतरी लिहिले आणि ती रणगाड्याला टेकवून पुढच्या टेबलाकडे वळले.

“काय लिहिलंय?” अप्पांनी विचारले. जवळचे बारीक अक्षर त्यांना अजून लागत नव्हते.

“विशेष काही नाही.”

“वाचा.”

सर्वेअरने वाचले. “वाहन प्रत्यक्ष सेवेतील वाटत नाही. चालकाच्या झाकणाजवळील ओरखडा हाताळणीतील हलगर्जीपणामुळे झाला आहे. या विभागास अपात्र.”

वाचताना त्याला जाणवले, की ही भाषा ओळखीची आहे. कर्ता नसलेली, शंका नसलेली, समोरच्या माणसाकडे न पाहता लिहिलेली. पंचवीस वर्षे तो हीच भाषा लिहीत आला होता. ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ती मोठ्याने वाचून दाखवण्याची पाळी मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती.

अप्पा परीक्षकांकडे गेले. घाईने नव्हे, तपासणीच्या दिवशी मेकॅनिक जसा अधिकाऱ्याकडे जातो तसे.

“साहेब, अशा गाडीत तुम्ही कधी बसलात?”

परीक्षक सौजन्याने म्हणाले, की त्याची आवश्यकता नसते. अभ्यास लागतो. फोटो असतात.

“फोटोवर चहा सांडतो,” अप्पा म्हणाले. परीक्षकांना याचा अर्थ लागला नाही, आणि अप्पांनी तो सांगितला नाही. “तुम्ही ओरखडा म्हणता तो ओरखडा नाही. तो माझा पाय आहे. नऊ वर्षं तिथं पाय ठेवून उतरलो. आणि हलगर्जीपणा कोणाचा म्हणालात? यांचा?”

आजूबाजूची माणसे थांबली. सर्वेअरने हळूच “अप्पा, जाऊ द्या” म्हटले. अप्पांनी ते ऐकले नाही.

“हे आमचे जावई. सख्ख्या सासऱ्याचा क्लेम परत पाठवणारा माणूस आहे हा. गंज होता, म्हणून गंज लिहिला. घरात बोलणी खाल्ली, पण खोडलं नाही. तो माणूस खोटा ओरखडा काढील? गाडी तुमच्यासमोर आहे. भिंग आहे, बॅटरी आहे. एक चूक दाखवा. एक.”

परीक्षक तसे प्रामाणिक होते. ते परत आले, पाच मिनिटे वाकून पाहत राहिले, बुरुज पाहिला, जाळी पाहिली, खालून पाहिले, काखेतली पुस्तिकाही उघडून पाहिली. शेवटी सरळ होत म्हणाले, की बांधणीत दोष आढळत नाही; तथापि या विभागात मळ अनिवार्य आहे.

“मग तुमचा विभाग तुम्हाला लखलाभ,” अप्पा म्हणाले, आणि त्यांनी काचेचे झाकण मागितले.

परतताना सर्वेअर गाडी चालवत होता. शेजारी अप्पा होते आणि त्यांच्या मांडीवर तीनशे एकोणीस. सर्वेअरला बोलायचे होते, पण बावीस वर्षांत हवापाण्यापलीकडची वाक्यरचना त्याला या माणसापुढे कधी लागली नव्हती. बक्षीस गेल्याचा राग त्याने शोधून पाहिला. तो सापडला, पण त्यात दम नव्हता.

तिसऱ्या सिग्नलला अप्पा म्हणाले, “चाकांवरचे पट्टे उलटे बसवलेत.”

“काय?”

“दोन्ही. कडीवरच्या खाचेचं टोक पुढं हवं, तुम्ही मागं केलंय. ही गाडी पुढं निघाली तर शंभर पावलांत पट्टा फेकील.”

सर्वेअरने रणगाड्याकडे पाहिले. एका बाजूला एक्याऐंशी कड्या, दुसऱ्या बाजूला एक्याऐंशी. एकेक कापून, घासून, चिकटवलेली. अप्पा म्हणत होते ते खरे होते. एकदा कळल्यावर दुसरे काही दिसतच नव्हते.

“तुम्हाला कधी दिसलं?”

“शुक्रवारी. सगळ्यात आधी तेच दिसलं. गंज नंतर.”

“आणि तिथं परीक्षकांना म्हणालात, एक चूक दाखवा म्हणून.”

“त्याला दिसली नाही, तो त्याचा प्रश्न.” अप्पांनी काचेवरचा एक ठसा बाहीने पुसला. “घरातलं ते घरात. चारचौघांत कशाला सांगायचं?”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने दोनदा हॉर्न दिला, तेव्हा कुठे सर्वेअरने गाडी पुढे काढली. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, की हे सगळे उतरवून पुन्हा बसवायला किती वेळ लागेल.

“एकटे बसलात तर महिना,” अप्पा म्हणाले. “दोघं बसलो तर आठवडा. मी अजून आहे दहा दिवस.”